डाव्या वळणाला दोन्ही दिवे

आधी एक कोडं घ्या. गाडी डावीकडे वळणार आहे. चालवणाऱ्याने डावीकडचाच इंडिकेटर लावलाय. दिवे नवे, बटण नवं. आणि तरी गाडीचे डावे-उजवे दोन्ही दिवे एकदम लुकलुकायला लागले. असं का झालं?

चूक कुणाची, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. का झालं, ते मात्र कळायला आणखी एक दिवस जावा लागला.

त्या संध्याकाळी आमच्या पिकअपच्या मागे गाड्यांची रांग लागली ती थेट साताऱ्यापर्यंत गेली. यमी म्हणते, बावीस गाड्या होत्या आणि तिने मोजल्या. यमी माझी नात, नऊ वर्षांची, पुरं नाव यमुना. तिला मोजायची फार वाईट सवय आहे.

आम्ही राहतो कोयनेच्या वरच्या अंगाला, घाटात. आमच्या मागे थांबल्या होत्या त्या सगळ्या बिनचालकाच्या गाड्या. आता जिकडेतिकडे त्याच दिसतात. त्या पुढच्या गाडीचे दिवे वाचतात. डावा लुकलुकला की समजतात, ही डावीकडे जाणार, आपण उजवीकडून पुढे काढू. दोन्ही लुकलुकले की समजतात, पुढे संकट आहे. मग त्या थांबतात, आणि एकदा थांबल्या की आत बसलेल्याने हात जोडले तरी हलत नाहीत. पहिल्याच गाडीत एक नवरदेव होता. त्याने हात जोडलेले मी स्वतः पाहिले.

"तो नवरदेव नव्हता," यमी म्हणाली. "फेटा बांधलेला माणूस होता."

आमच्या पिकअपला मात्र चालक आहे. तो म्हणजे यमीचे आबा, माझा नवरा, वय वर्षं चौऱ्याहत्तर. मागे हौद्यात मधमाश्यांच्या आठ पेट्या होत्या. आबा मधपाळ. ज्या शेताला फुलोरा आला असेल तिथे पेट्या नेऊन ठेवायच्या, माश्यांनी परागकण इकडचे तिकडे करायचे, म्हणजे दाणा चांगला भरतो. फुलोरा सरला की पेट्या परत आणायच्या. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्या दिवशी पेट्या हौसाबाईंच्या कारळ्याच्या शेतात जायच्या होत्या. शेत पिवळंधमक झालं होतं, आणि फुलं काही आपल्यासाठी थांबून राहत नाहीत.

रांग बघून नाक्यावरून शिस्तराव आला. तो वाहतुकीचा यंत्रमानव (माणसाची कामं करणारं यंत्र). कागदावर त्याचं नाव म्हणजे अकरा आकडे आहेत, शिस्तराव हे पोरांनी ठेवलेलं. एका चाकावर चालतो आणि सरकारी पत्रासारखं बोलतो.

"नमस्कार. आपल्या वाहनावर कोणते संकट आले आहे?"

"कसलंच नाही," आबा म्हणाले. "डावीकडे वळायचंय."

"मग उजवा दिवा कशासाठी?"

"तो आपणहून लागतोय."

"दिवे आपणहून लागत नसतात," शिस्तराव म्हणाला. "ही या आठवड्यातील तिसरी नोंद आहे. या वाहनाची वायरिंग कोणी केली?"

मी खिडकीतून डोंगर बघायला लागले. रोजचाच डोंगर, पण मला एकदम फार आवडला.

"मी केली," आबा म्हणाले.

"उद्या सूर्यास्तापर्यंत दुरुस्ती करून वाहन दाखवावे. अन्यथा आपला हस्तचालन परवाना (हाताने गाडी चालवायची मुभा) रद्द होईल. सत्तरीनंतर तो नव्याने मिळत नाही, हे आपल्याला ठाऊक असावे."

ठाऊक होतं. बिनचालकाची गाडी हौसाबाईंच्या शेतापर्यंत जात नाही, कारण त्या मातीच्या वाटेचा तिच्या नकाशात पत्ताच नाही. म्हणजे परवाना गेला तर पेट्या जागच्या जागी. आणि पेट्या हलल्या नाहीत तर आबा दिवसभर करणार काय? मला स्वयंपाक शिकवणार.

आम्ही गाडी वळवली आणि पेट्या घरी नेऊन परत आपापल्या जागेवर ठेवल्या. घरी आल्यावर आबांनी परवाना खिशातून काढला, शर्टाला पुसला आणि परत खिशात ठेवला.

सकाळी यमी टेस्ट लॅम्प घेऊन कामाला लागली. टेस्ट लॅम्प म्हणजे एक छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक टोक गाडीच्या पत्र्याला, दुसरं टोक वायरीला लावायचं. बल्ब पेटला तर तिथे वीज आहे. एवढं सोपं. तिने दिवे तपासले, ठीक. बटण तपासलं, ठीक.

"आजी, हे कधीपासून होतंय?"

"झाले असतील काही दिवस."

"अलार्म बसवल्यापासून ना?"

"असेल."

"अलार्म कुणी बसवला?"

"अस्वलाने," मी म्हणाले.

अगदीच खोटं नव्हतं ते. महिन्यापूर्वी पेट्या रात्रीच हौद्यात भरून ठेवल्या होत्या, आणि पहाटे आमच्या पिकअपमध्ये अस्वल शिरलं होतं. मी बाहेर येऊन बघते तर ते चालकाच्या जागेवर बसलेलं, पट्टा लावलेला, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हातात मधाची चौकट. मला बघून त्याने आरसा नीट केला.

"आजी."

"बरं, पट्टा नव्हता लावलेला."

"आजी."

"बरं बाई, मागे हौद्यात चढलं होतं आणि एक पेटी पाडून गेलं. झालं समाधान?"

म्हणून तर अलार्म बसवला. उभी गाडी कुणी हलवली की अलार्मच्या डबीला कळतं आणि ती भोंगा वाजवते. पहिल्या दिवशी मी गाडीला धक्का मारून बघितला. भोंगा असा वाजला की अस्वल काय, डोंगरसुद्धा दोन पावलं मागे सरकला. पण हौद्यात पेट्या होत्या. मधमाश्यांना हादरा सहन होत नाही, पेटी थरथरली की त्यांना वाटतं घरावर कुणी चालून आलं. सगळ्या बाहेर आल्या आणि समोर उभे होते आबा. चार दिवस त्यांचं नाक वांग्याएवढं होतं. यमीला विचारा, हे ती नाकारत नाही.

तेव्हा ठरलं, भोंगा नको. अलार्मने गाडीचे बाहेरचे दिवे लुकलुकवायचे. अस्वल बिचकून पळेल, आबांना लांबून दिसेल आणि माश्यांना पत्ता लागणार नाही.

"हे आबांनी केलं?" यमीने विचारलं.

"आबा कालच म्हणाले ना तसं?"

"आबांना टॉर्चमध्ये सेल उलटे घालायची सवय आहे," यमी म्हणाली आणि डोकं खाली घालून डॅशबोर्डच्या खाली शिरली. थोड्या वेळाने आतून आवाज आला. "ही चौकोनी काळी डबी कसली?"

आता रिलेबद्दल विचारल्यावर मी गप्प कशी बसणार?

"तो रिले (कमी विजेच्या इशाऱ्यावर जास्त विजेची वाट उघडणारा स्विच). हे बघ, अलार्मच्या डबीची वायर किती बारीक आहे. तिच्यातून दिव्यांना लागणारी सगळी वीज ओढली तर डबी जळून जाईल. म्हणून बारीक वायर दिव्यांपर्यंत जातच नाही. ती रिलेतल्या गुंडाळलेल्या तारेत जाते. तारेत वीज आली की तिचं लोहचुंबक होतं, ते आतली पट्टी टकन ओढतं, आणि बॅटरीकडून दिव्यांकडे जाणारी जाड वाट जोडली जाते. इशारा कमजोराने द्यायचा, काम दणकटाने करायचं. मी अंगणातून म्हणते, 'अहो, तेवढी पेटी उचला.' मी उचलते का? आबा उचलतात. मी अलार्मची डबी, आबा रिले."

"आणि हा फ्यूज?"

"वाटेतली नाजूक तार. वीज जास्त गेली की ती आधी वितळते, वाट तुटते, बाकीचं वाचतं. फ्यूजशिवाय मी वायर जोडतच नाही."

यमीचं डोकं डॅशबोर्डखालून बाहेर आलं.

"आजी," यमी म्हणाली, "तू जोडतच नाहीस म्हणजे?"

पकडलं पोरीने. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखतात माझे, पण काही गोष्टी उभ्याने सांगता येत नाहीत.

"मीच केलं ते," मी म्हणाले.

"मग काल बोलली का नाहीस?"

"पन्नास वर्षं मी पंपांच्या मोटारी भरल्या. जळकी मोटार यायची, आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. आसपासच्या बारा गावांत माझा हात फिरलेला आहे. आणि त्या चाकावरच्या पोराने सगळ्यांसमोर विचारलं, वायरिंग कुणी केली. जीभ उचललीच नाही."

यमी रागावली नाही. तिने टॉर्च माझ्या हाती दिला. "आता दाखव, नक्की काय केलंस."

मी दाखवलं. रिलेतून एक वायर बाहेर येत होती. डाव्या दिव्यांकडे एक वायर जात होती, उजव्या दिव्यांकडे एक. मी तिन्हींची टोकं सोलली होती, एकत्र पिळली होती आणि वर काळी टेप लावली होती. पंपाच्या मोटारीत तीन टोकं अशीच एका ठिकाणी पिळायची असतात, त्याला स्टार जोडणी म्हणतात. तीन वायरी समोर दिसल्या की माझा हात आपोआप तेच करतो.

यमीने काडी घेतली आणि अंगणातल्या मातीत चित्र काढलं. मध्ये एक गाठ. गाठीला तीन वाटा. एक रिलेची, एक डाव्याची, एक उजव्याची.

"अलार्म वाजला," ती बोट फिरवत म्हणाली. "रिलेतून वीज आली, गाठीपाशी आली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. दोन्ही दिवे लागले. बरोबर. आता आबांनी डावा इंडिकेटर लावला. बटणातून वीज डाव्या वायरीत आली. डावा दिवा लागला. पण वीज तिथेच कशाला थांबेल? ती डाव्या वायरीतून मागे गाठीपाशी येणार. आणि गाठीतून..."

बोट उजव्या दिव्यापाशी जाऊन थांबलं.

तर हे होतं कोड्याचं उत्तर. विजेला वाट दिसली की ती जाते. ही वाट फक्त अलार्मसाठी आहे, असं तिला कुणी सांगितलेलं नसतं.

"गाठ सोडून टाकू," यमी म्हणाली.

आम्ही बॅटरीची काळी वायर काढली (वायरींना हात लावायच्या आधी हे करायचंच, आणि मोठं माणूस जवळ असल्याशिवाय तर काहीच करायचं नाही), गाठ सोडली, उघडी टोकं टेपने झाकली आणि बॅटरी परत जोडली. डावा इंडिकेटर लावला, फक्त डावा लागला. उजवा लावला, फक्त उजवा. गाडीला धक्का मारला, रिले टकटक वाजला आणि एकही दिवा लागला नाही. अस्वलाला आमंत्रण.

"जोडलं तर परवाना जातो," यमी म्हणाली. "सोडलं तर पेट्या जातात." ती पायरीवर बसली. "रिलेकडून दिव्यांकडे जायला वाट पाहिजे. पण दिव्यांकडून गाठीकडे परत यायला वाट नको. एकच वाट जायला आहे आणि यायला नाही, असं कुठे असतं का?"

आबा अंगणाच्या टोकाला एका पेटीपाशी काम करत होते. तिथूनच म्हणाले, "असतं की. इकडे ये."

मधाची पेटी दोन मजल्यांची असते. खालच्या मजल्यावर राणी आणि पिल्लं, वरच्या मजल्यावर मध. मध काढायचा तर वरच्या माश्या हटवाव्या लागतात आणि त्या चिडतात. म्हणून आबा आदल्या संध्याकाळी दोन मजल्यांच्या मध्ये एक फळी सरकवतात. फळीला एक भोक असतं आणि भोकाला खालच्या बाजूने जाळीचं नरसाळं लावलेलं.

"वरची माशी रुंद तोंडातून आत शिरते आणि अरुंद टोकातून खाली उतरते," आबांनी दाखवलं. "परत वर जायचं झालं तर ती भोकाच्या आसपास फळीला धडका देते. टोकातून वर जायचं तिच्या ध्यानातच येत नाही. सकाळी वरचा मजला रिकामा. ना माशी चिडली, ना मी सुजलो."

यमीने ती फळी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. माझ्याकडे बघितलं.

"विजेसाठी अशी जाळी असते का?"

"डायोड," मी म्हणाले, आणि कपाळाला हात लावला. डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) मला ठाऊक होता. पण पंपाच्या मोटारीत तो कधी लागला नाही, म्हणून आठवलाच नाही. "आणि तो आपल्याच घरात आहे. गोठ्याच्या छपरावर."

मागच्या गारपिटीत आमचं एक सोलर पॅनेल फुटलं होतं. गारा एवढाल्या पडल्या होत्या की एकीत आम्ही आठवडाभर सरबत केलं. यमी हसली नाही, ती शिडीवर चढलेली होती. त्या पॅनेलच्या पाठीला एक डबी असते आणि डबीत डायोड असतात, भरपूर वीज सोसणारे. दिव्यांना असेच लागतात, रेडिओतले इवलेसे चालत नाहीत. आबांनी शिडी धरली, मी सूचना दिल्या आणि यमीने तीन डायोड काढून आणले. काळे, शेंगदाण्याएवढे, दोन्ही बाजूंना तारेचा एकेक पाय, आणि एका टोकाला पांढरा पट्टा.

मी काही सांगायच्या आत तिने एक डायोड टेस्ट लॅम्पच्या वाटेत जोडला. बॅटरीच्या लाल टोकाकडे बिनपट्ट्याची बाजू, बल्बकडे पट्टा. बल्ब पेटला. मग तिने डायोड उलटा केला. बल्ब ढिम्म. आणखी दोनदा करून बघितलं. वीज बिनपट्ट्याच्या बाजूने शिरते, पट्ट्याच्या बाजूने बाहेर पडते, उलटी येत नाही. बाकीचे दोन डायोडही तसेच तपासले. गारपिटीतून तिन्ही धड वाचले होते.

"आबा, हे बघा, नरसाळं," ती म्हणाली. "पट्टा म्हणजे अरुंद टोक."

मातीतल्या चित्रात तिने दोन नरसाळी काढली. एक गाठीपासून डाव्या वाटेवर, एक गाठीपासून उजव्या वाटेवर, दोन्हींची टोकं दिव्यांकडे. एक डायोड उरला, तो तिने खिशात टाकला. अलार्म वाजला तर वीज दोन्ही नरसाळ्यांतून उतरेल. डावा इंडिकेटर लावला तर डाव्या वायरीतली वीज गाठीकडे यायला बघेल, पण तिथे नरसाळ्याचं टोक तिच्याकडे तोंड करून बसलेलं. वाट बंद.

दुपारची जेवणं झाली. तारा आबांनी धरून ठेवल्या आणि सोल्डरिंग (शिसं-कथिल वितळवून दोन तारा जोडणं) मी केलं. डॅशबोर्डच्या खाली डायोड लावायला यमी शिरली, कारण आमच्यापैकी तिथे मावणारी तीच. सूर्य कड्यावर टेकायला आला होता.

"लावा डावा," आतून आवाज आला.

आबांनी डावा लावला. दोन्ही दिवे लुकलुकले.

आबांनी खिशातला परवाना चाचपला. मी तर मनातल्या मनात त्यांच्याकडून कांदा चिरायला शिकायला लागले.

"उजवा लावा," यमी म्हणाली.

फक्त उजवा लागला.

"धक्का मारा."

आबांनी धक्का मारला. फक्त उजवा लुकलुकला.

यमी बाहेर आली. तोंडाला काळं लागलेलं. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "थांब, सांगू नकोस." मातीतल्या चित्रापाशी बसली आणि बोट फिरवायला लागली. "उजवा एकटा लागतो, म्हणजे उजव्या बाजूने वीज परत येत नाहीये. तो डायोड बरोबर. अलार्मने डावा लागत नाही, म्हणजे गाठीकडून डाव्याकडे वाट बंद आहे. आणि डावा लावला की वीज गाठीकडे येते आणि तिथून उजव्याच्या नरसाळ्यातून उतरते. म्हणजे डावीकडचं नरसाळं उलटं बसलंय." तिने मान खाली घातली. "अंधारात मला पट्टा दिसला नाही. माझी चूक आहे."

"चला," आबा म्हणाले. "या घराला आता शोभलीस."

"म्हणजे?"

"म्हणजे चुका करणारं घर आहे हे. तुझ्या आजीने त्या तीन वायरी पिळल्या, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. इतका घट्ट पीळ या तालुक्यात दुसरं कोण घालतं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. "मग नाक्यावर 'मी केली' का म्हणालात?"

"तू एवढ्या प्रेमाने डोंगर बघत होतीस," आबा म्हणाले. "मध्ये कसा बोलू?"

यमीने बॅटरीची काळी वायर काढली, डायोड सुलटा केला आणि परत सगळं जोडलं. डावा, फक्त डावा. उजवा, फक्त उजवा. धक्का, दोन्ही. आम्ही पेट्यांची दारं जाळीने बंद केली, आठही पेट्या हौद्यात चढवल्या आणि निघालो. आबा त्या दिवशी इतके जोरात गेले की आमची सावली मागे राहिली आणि नाक्यावर धापा टाकत आम्हाला येऊन मिळाली.

शिस्तराव वाट बघत उभा होता. सूर्याचा वरचा काठ अजून दिसत होता.

त्याने डावा बघितला, उजवा बघितला. मग म्हणाला, "आपल्या वाहनास धक्का देण्याची अनुमती असावी." त्याने एका बोटाने पिकअप हलवली. चारही कोपऱ्यांचे दिवे लुकलुकले. पेट्यांतल्या माश्या आपल्या गुणगुणत राहिल्या. त्याने कान लावून ऐकलं, म्हणजे कान असता तर लावला असता.

"परवाना कायम," शिस्तराव म्हणाला. "नोंदीसाठी विचारतो. मूळ वायरिंग कोणी केली?"

"मी केली," मी म्हणाले. आबांनी तोंड उघडायच्या आत. "आणि चुकीची केली. दोन बाजू वेगळ्या ठेवायला पाहिजे होत्या, त्या मी एकत्र पिळल्या. नात्यात चालतं ते, वायरींत नाही. आज तिथे दोन डायोड बसवलेत. ते हिने बसवले."

"कालची नोंद त्याप्रमाणे सुधारतो," शिस्तराव म्हणाला, आणि यमीकडे वळला. "डायोडची दिशा कशी ओळखलीत?"

"पहिल्यांदा नाहीच ओळखली," यमी म्हणाली. "मग ओळखली." आणि तिनेच उलट विचारलं, "तुझ्या डोक्यात डायोड आहेत?"

"आहेत. पण त्याहून कितीतरी जास्त त्यांची तीन पायांची भावंडे आहेत. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. तिसऱ्या पायाला थोडीशी वीज दिली की उरलेल्या दोन पायांमधली वाट उघडते."

यमीचे डोळे बारीक झाले. "म्हणजे रिलेसारखं? कमजोराने इशारा द्यायचा आणि दणकटाने काम करायचं?"

"तत्त्व तेच. फक्त आत हलणारी पट्टी नाही. आणि आकार इतका लहान की आपल्या एका नखावर अब्जावधी मावतील."

"आणि तेवढ्यावर तू विचार करतोस?"

"तेवढ्यावरच."

यमी थोडा वेळ त्याच्या पांढऱ्या गोल डोक्याकडे बघत राहिली. "मला ते आतून बघायचंय. म्हणजे तुझं नको. एखादं बिघडलेलं असलं तर."

शिस्तराव चाकावरून तिच्याजवळ सरकला. "दुरुस्ती केंद्रात जुने भाग असतात. दर शनिवारी ते मुलांना उघडून पाहता येतात. आजपर्यंत कोणी आलेले नाही."

"शनिवारी येते," यमी म्हणाली.

मग आम्ही हौसाबाईंच्या शेताकडे निघालो. वळण अजून चांगलं लांब होतं, पण आबांनी आत्तापासूनच डावा दिवा लावला. मागच्या गाड्या एकेक करून उजवीकडून पुढे जायला लागल्या, न थांबता, न कुरकुरता. आबा प्रत्येक गाडीला हात करत होते. आत बहुतेक लोक झोपलेले होते, पण त्याचं त्यांना काही नव्हतं.

यमी आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. उरलेला डायोड तिच्या मुठीत होता.

"आजी," ती म्हणाली, "शनिवारी तू पण ये. तुला तीन पायांचं शिकवायचं राहिलंय."